कोळशावरचा कर परत आणा, आणि त्याचा पैसा लोकांच्या खात्यात टाका

प्रति,
माननीय केंद्रीय अर्थमंत्री, अध्यक्ष, वस्तू व सेवा कर परिषद, नवी दिल्ली
आणि परिषदेवर राज्यांचं प्रतिनिधित्व करणारे सर्व मंत्रिमहोदय

सविनय नमस्कार.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कोळशाच्या बिलावरची एक ओळ गेली. टनामागे ४०० रुपये नुकसानभरपाई उपकर, अशी ती ओळ होती. परिषदेच्या ५६व्या बैठकीत हा उपकर काढून टाकायचं आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के करायचं ठरलं. मी सोलापुरात कर सल्लागार आहे. टॉवेल-चादरीचे कारखानदार, डाईंगवाले, सायझिंगवाले, सुताचे व्यापारी यांची विवरणपत्रं भरते. त्यामुळे परिषदेत जे ठरतं ते माझ्या टेबलावर कोणाच्या तरी बिलातून येतंच. या निर्णयाचा परिणाम मला बिलात जसा दिसला तसा आपल्यापुढे मांडते आहे.

मागणी आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. कोळशावर, त्यातल्या कार्बनच्या हिशेबाने, क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करायची सोय) न मिळणारा वेगळा कर पुन्हा लावा. आणि त्यातून येणारा पैसा तिजोरीत न ठेवता लोकांना आणि रोजगार देणाऱ्या उद्योगांना परत द्या.

५ चे १८ झाले म्हणजे कोळसा महागला, अशी बहुतेकांची समजूत झाली. हिशेब मांडला की वेगळंच दिसतं. टनाला १,००० रुपये दराचा कोळसा घ्या. जुन्या पद्धतीत ५० रुपये जीएसटी आणि ४०० रुपये उपकर, एकूण ४५०. आता फक्त १८०. टनाला ५,००० रुपयांचा कोळसा असेल तर आधी ६५०, आता ९००. मधली रेघ पडते साधारण ३,०७७ रुपयांवर. त्याखालचा कोळसा स्वस्त झाला, वरचा महागला. खालचा म्हणजे कमी उष्मांकाचा (जळताना कमी उष्णता देणारा), जास्त राखेचा, वीजकेंद्रांकडे जाणारा देशी कोळसा. वीजक्षेत्राला टनामागे सरासरी सुमारे २६० रुपये कमी पडतील, असं कोळसा मंत्रालयानेच जाहीर केलं होतं.

वीजकेंद्रांचं निदान एवढं तरी आहे, की विजेवर जीएसटी नसल्यामुळे कोळशावर भरलेल्या कराचं क्रेडिट त्यांना मिळत नाही. ते १८० रुपये त्यांच्या खर्चात राहतात. आमच्या डाईंगवाल्यांचं तसंही नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका डाईंगची खरेदी माझ्याकडे येते. सूत रंगवायचं, धुवायचं, वाळवायचं तर वाफ लागते, आणि वाफेसाठी बॉयलर. कोळशाचं प्रत्येक बिल साधंच असतं: एचएसएन २७०१ (करासाठी ठरलेला कोळशाचा कोड), ट्रकचा नंबर, वजन, दर, कर. सप्टेंबरच्या आधी त्यावरचे टनामागचे ४०० रुपये या कारखानदाराच्या अंगावर बसायचे. कारण उपकराचं क्रेडिट उपकर भरायलाच वापरता येतं, आणि टॉवेलवर उपकर नाही. निर्यात करणाऱ्याला त्याचा परतावा मागता यायचा. देशात माल विकणाऱ्याला मात्र तो शुद्ध खर्च. आता १८ टक्के लागतात, पण ते सगळे क्रेडिटमध्ये जातात आणि रंगाईच्या बिलावर देय असलेल्या करातून वळते होतात. म्हणजे त्याच्या बॉयलरमध्ये जळणाऱ्या कोळशावर शेवटी कर उरतो शून्य.

यात माझ्या क्लायंटचं भलंच झालं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. आधीच्या टप्प्यावरचा कर पुढच्याने वजा करून घ्यायचा, हे जीएसटीचं तत्त्वच आहे, आणि ते चांगलं तत्त्व आहे. पण त्याच कारणाने जीएसटी हा प्रदूषणाची किंमत वसूल करायचा मार्ग होऊ शकत नाही. ज्याची पूर्ण वजावट मिळते तो कर १८ टक्के असो की ४० टक्के, कोळसा कमी जाळ असं तो कोणालाच सांगत नाही.

किंमत का हवी, हे आपल्या मंत्रालयाला मी सांगायची गरज नाही. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० सालीच ते मांडून ठेवलं आहे: धंद्याचा जो खर्च धंदेवाल्याच्या वहीत न येता तिसऱ्याच्या माथी बसतो, तेवढा कर लावून तो खर्च त्याच्या वहीत आणावा. फिनलंडने १९९० साली कार्बनवर कर लावला, स्वीडनने पुढच्याच वर्षी. युरोपीय संघाने २००५ मध्ये उत्सर्जन परवान्यांचा बाजार सुरू केला आणि तिथला कार्बन डायऑक्साइडच्या टनाचा भाव २०२३ च्या फेब्रुवारीत १०० युरोच्या वर जाऊन आला.

मला या उपायातली एक गोष्ट फार पटते. कोळसा कसा वाचवायचा ते सरकारला ठाऊक असावं लागत नाही. आमच्याकडचा एक डाईंगवाला वाफेच्या पाइपांना नीट आवरण घालेल. दुसरा यंत्रातून निघणारं कंडेन्सेटचं गरम पाणी गटारात न सोडता बॉयलरला परत घेईल. तिसरा छतावर सौर पाणीतापक बसवेल. चौथा बगॅसच्या (उसाच्या चिपाडाच्या) ब्रिकेटकडे, म्हणजे दाबून केलेल्या विटांकडे, वळेल. सोलापूर जिल्ह्यात तिसाहून जास्त साखर कारखाने आहेत, बगॅस आमच्या दारात आहे. यातलं कोणाला काय परवडेल हे दिल्लीतला कोणताही अधिकारी सांगू शकणार नाही आणि त्याने सांगूही नये. प्रत्येकजण आपापल्या वहीत बघून ठरवतो. फक्त वहीत तो आकडा यायला हवा. आज येत नाही.

आपल्याकडे हा आकडा नव्हताच असं नाही, आणि हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. २०१० च्या अर्थसंकल्पात कोळशावर टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आला. २०१४ मध्ये तो १०० झाला, २०१५ मध्ये २००, २०१६ मध्ये ४००. एखाद्या विकसनशील देशाने आपणहून कोळशावर असा कर लावून सहा वर्षांत आठपट करावा, ही अभिमानाची गोष्ट होती. पुढे पैशाचं काय झालं ते मात्र अभिमानाचं नाही. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६,४०० कोटी रुपये जमले. राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत त्यातले सुमारे २९,६०० कोटी गेले आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे १५,९०० कोटी. २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर तेच ४०० रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईचा उपकर म्हणून घेतले जाऊ लागले, आणि कोविडनंतर त्या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फेडायला. कर राहिला, पण त्याचा स्वच्छ ऊर्जेशी असलेला संबंध कागदावरूनही पुसला गेला. त्यामुळे २०२५ मध्ये तो काढताना कोणी हूं की चूं केलं नाही. लोकांना तो कशाचा कर आहे हेच ठाऊक नव्हतं, मग तो जाण्याचं वाईट कोणाला वाटणार?

परिषदेची बाजू मला मान्य आहे तेवढी मान्य करते. सरसकट ४०० रुपये हा कर हलक्या कोळशावर अन्याय करणारा होता. कमी उष्मांकाच्या टनभर कोळशात कार्बनही कमी असतो, उष्णताही कमी मिळते, तरी कर तेवढाच. आयात कोळशाच्या तुलनेत देशी कोळसा त्यामुळे महाग पडायचा. ही खोट खरी आहे. पण खोट काढायचा मार्ग किमतीवरचा टक्का हा नव्हे. कोळशाच्या किमतीचा आणि त्यातल्या कार्बनचा काही ठराविक मेळ नसतो. बाजार तेजीत असला की १८ टक्क्यांचे रुपये वाढतात, मंदीत कमी होतात, धूर मात्र तेवढाच निघतो.

नीट मार्ग आपल्याच व्यवस्थेत तयार आहे. देशातला औष्णिक कोळसा उष्मांकानुसार जी-१ ते जी-१७ अशा प्रतींत विभागलेला आहे. किलोला ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता देणारा टनभर कोळसा जाळला की अंदाजे १.६ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, ६,००० किलोकॅलरीच्या कोळशातून अंदाजे २.४ टन. कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २५० रुपये दर धरला तर पहिल्यावर ४०० रुपये येतात, दुसऱ्यावर ६००. वीजकेंद्राला मिळणाऱ्या सामान्य देशी कोळशावरचा बोजा जुन्या उपकराएवढाच राहतो, त्याहून हलक्या प्रतीवर तो कमी होतो, आणि आयात होणाऱ्या जास्त उष्मांकाच्या कोळशावर वाढतो. देशी कोळशाला न्याय द्यायचा परिषदेचा हेतूही साधतो. २५० रुपये म्हणजे जेमतेम तीन डॉलर. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २०२१ मध्ये भारतासारख्या देशांसाठी सुचवलेली किमान किंमत २५ डॉलर होती. मी सुरुवात कुठून करायची एवढंच सांगते आहे.

आता देशात कार्बन बाजार येतोच आहे, मग वेगळा कर कशाला, असं आपण विचाराल. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, २०२३ च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सिमेंट, ॲल्युमिनियम, कागद आणि क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा, क्लोरीन) या क्षेत्रांतल्या कारखान्यांची उत्सर्जनाची उद्दिष्टं ठरली. चांगलं काम आहे. पण योजनेत नऊ उद्योगक्षेत्रं आहेत आणि त्यांत वीजनिर्मिती नाही. देशात इंधन जाळून निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी जवळजवळ निम्मा वीजनिर्मितीतून येतो. आमच्या शहराबाहेर फताटेवाडीला एनटीपीसीचं १,३२० मेगावॉटचं केंद्र आहे. पूर्ण भाराने चाललं तर ढोबळ हिशेबाने दिवसाला वीसएक हजार टन कोळसा लागेल. तो कोळसा या बाजाराच्या बाहेर आहे. कापड उद्योग त्या नऊ क्षेत्रांत आहे, पण उद्दिष्टं मोठ्या कारखान्यांना. आमचे छोटे बॉयलर त्यात मोजले जाणार नाहीत, आणि छोट्याला त्या कागदपत्रांत ओढूही नये. या दोघांपर्यंत, सर्वांत मोठ्या केंद्रापर्यंत आणि सर्वांत छोट्या बॉयलरपर्यंत, एकाच वेळी पोहोचणारी एकच गोष्ट होती, खाणीच्या तोंडाशी घेतला जाणारा टनामागचा कर. तीच आपण काढली.

दुसरी शंका अशी, की हवा बिघडवली श्रीमंत देशांनी, मग किंमत सोलापूरने का मोजायची? शंका रास्त आहे. भारतात माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड निघतो, अमेरिकेत सुमारे चौदा. श्रीमंत देशांनी आपलं देणं द्यावं हे दिल्लीने प्रत्येक परिषदेत ठणकावून सांगावं, आणि आम्ही त्यात दिल्लीसोबत आहोत. पण इथे घेतलेला कर इथेच राहतो, हेही बघा. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरचा कार्बन शुल्काचा नियम पुरता लागू केला आहे. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत, वीज, हायड्रोजन एवढ्यांवर तो आहे. मूळ देशात कार्बनची किंमत आधीच भरली असेल तर तेवढी वजा करून मिळते. म्हणजे युरोपला जाणाऱ्या त्या मालापुरतं, जे दिल्ली घेणार नाही ते ब्रुसेल्स घेईल, आणि तिथे गेलेला रुपया इथल्या कोणाच्या खात्यात परत येणार नाही. क्रेडिट मिळणारा जीएसटी कार्बनची किंमत म्हणून दाखवायला गेलो तर ती टिकणार नाही. टॉवेल आज त्या यादीत नाही. पण परदेशी खरेदीदारांच्या प्रश्नावल्या माझ्या निर्यातदार क्लायंटकडे येतात, त्यात किलोमागे किती युनिट वीज, किती कोळसा हे विचारलेलं असतं. उत्तर भरताना वजनाच्या पावत्या शोधायला ते माझ्याकडे येतात. जीएसटीच्या टक्क्यांचा हिशेब तिथे कोणी विचारत नाही.

आता पैशाकडे येते, कारण सगळं तिथेच अडतं. देशात कोळशातून वर्षाला सुमारे २०० कोटी टन कार्बन डायऑक्साइड निघतो. टनाला २५० रुपये म्हणजे ५०,००० कोटी. यातले दोन तृतीयांश लोकांना दरडोई समान वाटले तर माणशी वर्षाला साधारण २२५ ते २३० रुपये येतात, पाच माणसांच्या घराला सुमारे १,१४० रुपये. त्या घराला खर्च किती वाढेल? युनिटमागे सरासरी ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला आणि वाहिन्यांतली गळती मिळवली तर वीस पैशांच्या आसपास. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराचं लाइट बिल वर्षात सुमारे २४० रुपयांनी वाढतं. बाकीचा बोजा सिमेंट, लोखंड, कापड यांच्या किमतीतून येईल. पण ज्याच्या घरी एसी नाही, गाडी नाही, जो नवा बंगला बांधत नाही, त्याच्या वाट्याला तोही थोडाच. आमच्याकडे हजारो बायका घरी बसून विड्या वळतात. तशा एखाद्या घराचा हिशेब कसाही मांडला तरी जमेची बाजू मोठी राहते. श्रीमंत घराला भुर्दंड बसेल आणि तो बसायला हवा.

पैसे पोहोचवायची सोय नाही, असं आता कोणी म्हणू शकत नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये खात्यात येतात, महाराष्ट्रात लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० येतात. खाती आहेत, आधार जोडलेला आहे, बँकेतून आलेला मेसेज बायका एकमेकींना दाखवतात.

हा मेसेज फार महत्त्वाचा आहे. फ्रान्सने इंधनावरचा कार्बन कर वाढवत नेला आणि लोकांना परत काही दिलं नाही. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पिवळी जाकिटं घातलेले लोक रस्त्यावर उतरले आणि सरकारला वाढ मागे घ्यावी लागली. कॅनडाने परत दिलं, बहुतेक कुटुंबांना भरल्यापेक्षा जास्त दिलं, पण कर पेट्रोलपंपावर रोज दिसायचा आणि परतावा तीन महिन्यांतून एकदा, न कळणाऱ्या नावाने खात्यात यायचा. नाव पुढे बदललं, तोवर उशीर झाला होता. १ एप्रिल २०२५ पासून तिथला ग्राहकांवरचा कर गेला. आपल्याकडे परतावा कराच्या आधी खात्यात पडू द्या. पहिला हप्ता आधी, वसुली नंतर. आणि त्याला नाव असं द्या की विडी वळणाऱ्या बाईलाही कळेल: कोळसा कराचा परतावा.

उरलेल्या एक तृतीयांशाबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण तो प्रश्न माझ्या क्लायंटचा आहे. महिन्याला ३,००० युनिट वापरणाऱ्या यंत्रमागधारकाचं बिल वीस पैशांच्या हिशेबाने ६०० रुपयांनी वाढेल, वर्षाला ७,२०० रुपये. मोठ्या गिरणीला हा आकडा किरकोळ वाटेल. सोलापूरच्या यंत्रमागधारकाला तो किरकोळ नाही. टॉवेलच्या किलोमागे त्याला सुटतात किती, सुताचा भाव एका आठवड्यात कसा हलतो, उधारी किती महिन्यांनी येते, हे मी त्याच्या वह्यांत रोज बघते. सरकार त्याला वीज सवलत देतं, पण सवलत युनिटवर मिळते: जितकी वीज जाळाल तितकी सवलत. कार्बनची किंमत एका हाताने लावायची आणि दुसऱ्या हाताने युनिटमागे सूट द्यायची, तर दोन्हींचा उपयोग जातो.

स्वित्झर्लंडने यावर एक फार शहाणी वाट काढली आहे. तिथे तापवण्याच्या इंधनावर २००८ पासून कार्बन शुल्क आहे. सुमारे दोन तृतीयांश पैसा परत जातो: लोकांचा वाटा आरोग्य विम्याच्या हप्त्यातून वजा होऊन, आणि उद्योगांचा वाटा त्यांनी कामगारांना दिलेल्या पगाराच्या प्रमाणात. म्हणजे जो जास्त इंधन जाळतो तो जास्त भरतो, आणि जो जास्त माणसांना काम देतो त्याला जास्त परत मिळतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, हा नियम सोलापूरसाठीच केलेला आहे. इथला धंदा माणसांवर चालतो.

आपल्याकडे करायचं तर असं करता येईल. एक तृतीयांश म्हणजे साधारण १६,७०० कोटी. भविष्य निर्वाह निधीत ज्यांची वर्गणी जमा होते असे कामगार देशात सुमारे सात कोटी आहेत. नोंदवलेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाला वर्षाला जवळजवळ २,४०० रुपये परत देता येतात. वरच्या यंत्रमागधारकाने पाच कामगार नोंदवलेले असतील तर त्याने भरलेले ७,२०० आणि त्याला मिळालेले १२,०००. वीज वाचवायचा फायदा त्याला तरीही पूर्ण मिळतो, कारण परतावा युनिटवर नाही, माणसांवर आहे.

यात एक मोठी अडचण आहे आणि ती मी झाकून ठेवणार नाही. सोलापुरातल्या बहुसंख्य यंत्रमाग कामगारांची भविष्य निर्वाह निधीत नोंद नाही. हा वाद इथे वर्षानुवर्षं चालत आलेला आहे. मालक म्हणतात परवडत नाही, कामगार संघटना म्हणतात कायदा आहे. मला वाटतं, कोळसा कराचा परतावा या वादात पहिल्यांदा मालकाच्या बाजूने काहीतरी टाकेल. नोंद केल्याने वर्गणीचा खर्च पूर्ण भरून निघणार नाही, हे उघड आहे. पण आज नोंदणी म्हणजे मालकाला फक्त खर्च दिसतो. उद्या त्यात दर कामगारामागे जमेचीही एक ओळ असेल, आणि कराचा दर वाढेल तशी ती वाढेल. रजिस्टरमध्ये नाव चढलेल्या कामगाराला म्हातारपणी चार पैसे मिळतील. हवामानासाठी घेतलेल्या कराने हे साधलं तर त्यात काही वावगं नाही.

आता दराबद्दल. २५० रुपयांनी कोणी बॉयलर बदलणार नाही, हे मीही जाणते. बॉयलर पंधरा-वीस वर्षं चालतो. नवा घेणारा आजचा दर बघत नाही, दहा वर्षांनी काय असेल ते बघतो. म्हणून दर किती यापेक्षा तो कसा वाढेल हे आधी जाहीर होणं जास्त मोलाचं आहे. पहिल्या वर्षी २५०, आणि पुढची दहा वर्षं दरवर्षी १०० रुपये वाढ, असं राजपत्रात छापा आणि त्यात हात घालू नका. एका बैठकीत शून्य आणि दुसऱ्या बैठकीत ४०० अशा करावर कोणताही कारखानदार यंत्रसामग्रीचा निर्णय घेऊ शकत नाही.

हे सगळं मी कोणत्या गावातून लिहिते आहे तेही आपण लक्षात घ्यावं. ज्या आठवड्यात कोळशावरचा उपकर गेला, त्याच आठवड्यात सीना नदीला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या तालुक्यांतल्या गावांत पाणी शिरलं, उभी पिकं गेली, माती वाहून गेली, जनावरं दावणीला मेली. हा जिल्हा दुष्काळी म्हणून ओळखला जातो. इथे चर्चा असते ती उजनीत किती टक्के पाणी उरलं याची. आमच्या ऑफिसात त्या दिवसांत फोन खणखणत होते, बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नवे दर टाकून द्या म्हणून. मध्येच मोहोळकडच्या एका सूत व्यापाऱ्याचा फोन आला, की गोदामात पाणी आहे, बिलांच्या फाइली गेल्या, आता विवरणपत्राचं काय करायचं. एका पुराचं खापर एकट्या कोळशावर फोडणं बरोबर नाही, आणि मी ते फोडत नाही. पण तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि पाऊस पडतो तेव्हा तो जास्त जोराने पडतो, हे विज्ञान पक्कं आहे. उन्हाळ्यात ४३-४४ अंशांत पत्र्याखाली माग चालवणाऱ्याच्या अंगातून किती काम निघतं, हा खर्च कोणत्याच बिलात येत नाही. गोदामातल्या पाण्याचाही येत नाही. ते भरतं कोण, ते आम्ही बघतो.

वेगळा कर लावायला कायदा लागेल, संसदेत जावं लागेल, राज्यांचा वाटा ठरवावा लागेल. कोळसा उत्पादक राज्यांच्या मंत्रिमहोदयांना तिथल्या खाणकामगारांची काळजी असणार, आणि त्यांच्यासाठी काय ठेवायचं ते त्यांनीच मांडलेलं बरं. यात वेळ जाईल हे मी समजू शकते.

पण एक गोष्ट परिषदेला पुढच्याच बैठकीत करता येईल, तिला नवा कायदाही लागणार नाही. आमच्याकडे व्यापाऱ्याकडून येणाऱ्या कोळशाच्या बिलावर प्रत नसते, उष्मांक नसतो. नुसतं ‘कोळसा’ आणि वजन. कोणत्या खाणीचा, आयात केलेला की देशी, काही कळत नाही. एचएसएन २७०१ च्या प्रत्येक बिलावर आणि ई-वे बिलावर (माल वाहतुकीसोबतच्या ऑनलाइन कागदावर) कोळशाची प्रत आणि उष्मांक लिहिणं बंधनकारक करा. किती कार्बन कोणाच्या बॉयलरमध्ये गेला याचा हिशेब त्या दिवसापासून आपोआप जमायला लागेल. नमुन्यात दोन रकाने वाढतील. ते भरायचं काम आम्हा कर सल्लागारांवर येईल, आणि आम्ही ते भरू.

आपली विश्वासू,
एक कर सल्लागार
सोलापूर